पायाशी खणणारा

तोंडावर सगळे त्याला मिस्त्री म्हणत, पाठ वळली की घुशा. जन्मभर जुन्या घरांच्या पायाशी खणत राहिलेल्या माणसाला दुसरं काय नाव पडणार? फरक इतकाच, की खरी घूस आली तर लोक काठी घेऊन मागे लागतात आणि हा आला की चहा टाकतात. तळघरात पाणी साचलं, गिलाव्याचे पोपडे गळायला लागले, कपाटातल्या चपलांवर हिरवी बुरशी आली, की कुणीतरी त्याचा नंबर द्यायचं आणि आवाज खाली आणून सांगायचं, "माणूस कामाला एक नंबर. फक्त उलट बोलू नका. हात सुटतो त्याचा."

हात सुटायचा हे खरंच होतं. एका दुकानदाराचे पुढचे दोन दात त्याने त्याच्याच तळघराच्या पायरीवर पाडले होते, कारण काम अर्धवट असताना त्या शहाण्याने छपराचं पाणी परत पायाशी सोडलं होतं. एका इंजिनिअरला मानगूट धरून चिखलात बसवलं होतं आणि तो उठायला लागला की परत बसवलं होतं. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नाही. उलट रंगात आला की तो हे किस्से स्वतःच सांगायचा आणि ऐकणारे हसायचे. हसणाऱ्यांचे दात शाबूत होते, म्हणून हसायचे.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्याच्याइतका समजूतदार माणूस मी पाहिला नाही. पाण्याला अडवू नका, त्याला वाट द्या, असं तो प्रत्येक घरमालकाला सांगायचा. भिंतीला आतून कितीही रंग फासा, कितीही सिमेंट थापा, बाहेरची माती ओली असेल तर ती भिंतीला ढकलतच राहते. आतून गिलावा करून ओल घालवू बघणाऱ्यांनी तोंडावर उशी दाबून खोकला बरा करावा, असं माझंही मत आहे. घुशाचं काम बाहेरून चालायचं. पायाच्या तळापर्यंत चारी खणायची, भिंत घासून तिच्या सांधी भरायच्या, डांबराचा थर द्यायचा, तळाशी भोकं पाडलेला पाइप ढाळात टाकायचा, त्याच्यावर खडी, खडीवर कापड आणि मग माती. पाणी भिंतीला लागायच्या आधीच पाइपात उतरतं आणि मुकाट्याने रस्त्याच्या गटाराला जाऊन मिळतं.

आणि या सगळ्यावर एक नियम. चारी सलग उघडायची नाही. चार फूट खणायचं, पुढचे चार फूट हात न लावता सोडायचे, परत चार फूट खणायचं. खणलेल्या तुकड्यात पाइप, खडी, माती सगळं भरून ठोकून झालं, की मगच मधला सोडलेला तुकडा हातात घ्यायचा. जुन्या घरांच्या भिंती म्हणजे चुन्यात बसवलेले दगड. त्यांना बुडाशी धरून ठेवते ती बाहेरची माती. तीस फूट माती एका दिवसात काढली, तर भिंत कशावर उभी राहणार?

हा नियम तो बापाकडून शिकला, पण बापाने तो शिकवला नव्हता. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि दोघं एका ठेकेदाराच्या हाताखाली होते. मालकाला घर विकायचं होतं, ठेकेदाराला घाई होती, म्हणून भिंतीची सगळी लांबी एका दिवसात उघडली. बाप चारीत होता, हा वर घमेली ओतत होता. भिंत पडताना आधी मोठा आवाज होतो असं लोकांना वाटतं. तसं काही झालं नाही. बुडाचे दगड पुढे सरकले आणि दुसऱ्या क्षणी बाप गळ्यापर्यंत गाडला गेला. तोंड उघडं होतं, डोळे उघडे होते आणि छातीवर दीड मणाचा दगड होता. याने "बापू, बापू" करत हातांनी उकरलं. नखं उलटली, तरी उकरलं. बापाच्या तोंडातून आधी माती आली, मग रक्त, मग काहीच आलं नाही. त्यानंतर तो फावड्याचा दांडा घेऊन ठेकेदाराकडे चालत गेला, पळत नाही, चालत. दोन बरगड्या आणि एक कोपर मोडेपर्यंत त्याला कुणी आवरू शकलं नाही.

चौदा महिने तुरुंगात काढून तो बाहेर आला तेव्हा तो नियम आणि तो राग दोन्ही सोबत घेऊन आला. दोन्ही एकच आहेत अशी त्याची समजूत झाली होती. सगळं तिथेच फसलं.

बायकोवर आणि पोरीवर त्याने कधी हात उचलला नाही. हे तो छाती पुढे काढून सांगायचा. कपाटाचं दार, दोन खुर्च्या आणि न मोजता येण्याइतक्या बशा यांना तो हिशेबात धरत नसे. बायको धरायची. एकदा ती फुटलेल्या काचा गोळा करताना म्हणाली, "बशी माझ्या डोक्यावरून गेली काय आणि डोक्यात बसली काय, मला तेवढीच भीती वाटते." त्याला ते पटलं नाही. पोरीला मात्र बापाच्या बुटांच्या आवाजावरून कळायचं, की आज जेवायला खोलीत बसायचं की बाहेर.

पोरगी नऊ वर्षांची असताना बापाचा डबा घेऊन कामावर गेली होती. तिचा मामा, म्हणजे घुशाचा मेहुणा, तेव्हा त्याच्यासोबत काम करायचा. माती मऊ लागली म्हणून मामाने चाराऐवजी सहा फूट उघडले होते. घुशाने ते पाहिलं, त्याला वर बोलावलं आणि तो वर येताच फावड्याचा दांडा उलटा फिरवून त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज पोरीला रस्त्यापर्यंत ऐकू आला. मामा चिखलात पडून, "दाजी, बास... दाजी, बास," म्हणत होता आणि दाजी आणखी दोन घालत होते.

संध्याकाळी त्याने पोरीला जवळ बसवून समजावलं. "मामाचा जीव वाचवला मी. कळलं का?"

"मामा रडत होता," पोरगी म्हणाली.

मामाने तो धंदाच सोडला. पोरगी मोठी झाली, नर्स झाली, तिने स्वतःच नवरा शोधला आणि चार तासांच्या अंतरावर राहायला गेली. बापाकडे वर्षातून एकदा यायची, तेही आईला भेटायला. घुशाचा जीव मात्र तिच्यावरच होता. तिचा फोन आला की टीव्ही बंद करायचा आणि बायकोच्या कानाला कान लावून बसायचा.

म्हणून एके दिवशी तिने फोनवर, "बाबांना दे," असं म्हटलं, तेव्हा त्याने हात पँटला पुसून फोन घेतला.

तिचं म्हणणं असं होतं, की सासरचं घर जुनं, वरच्या मजल्यावर राहण्याजोग्या एकाच खोलीत सासरे आणि तळघरात हे तिघं, ती, नवरा आणि आठ महिन्यांची मुलगी. उताराकडच्या भिंतीतून पाणी येतं. सासऱ्यांनी आतून तीनदा प्लॅस्टर केलं, तिन्ही वेळा फुगून पडलं. आता बुरशी छतापर्यंत पोचली होती आणि बाळाची छाती शिट्टीसारखी वाजत होती. डॉक्टर म्हणाले होते, खोली बदला. बदलायला दुसरी खोली नव्हती.

"उद्या येतो," घुशा म्हणाला.

"बाबा, एक ऐका. इथे कुणावर हात उचललात, तर परत या दारात येऊ नका. मी चिडून बोलत नाहीये. मी लहानपणापासून ठरवत आले आहे हे."

"अगं, मी कशाला कुणाला..."

"हो म्हणा."

तो हो म्हणाला. आणि मनापासून म्हणाला, याची मला खात्री आहे.

व्याही निघाले भलतेच गोड. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं फोरमन होते, गडगडाटी हसायचे आणि दर वाक्याला टाळी मागायचे. "व्याही, माझी तीन प्लॅस्टरं वाहून गेली, आता तुमची करामत दाखवा," म्हणाले. घुशा तळघरात उतरला. भिंतीला तळहात लावला, नंतर गाल लावला. मधोमध एक उभी भेग होती. बाहेर जाऊन त्याने बघितलं तर छपराचा पाइप नेमका त्या भेगेच्या डोक्यावर रिकामा होत होता. तीस फूट भिंत होती, सहा फूट खोल पाया. बाळ आत खोकत होतं. एवढ्याशा छातीतून तो आवाज येतोय हे त्याला सहन होईना, म्हणून तो ताबडतोब टिकाव घेऊन बाहेर गेला.

आधी त्याने भेगेवर आतून काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या. भिंत केसभर हलली तरी काच तडकते आणि खणणाऱ्याला कळतं. मग चार फूट उघडले, चार सोडले. व्याही वर खुर्ची टाकून बसायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "व्याही, हे असं ससा उड्या मारतो तसं का खणताय? सरळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला का नाही जात?"

इथे सांगायला हवं होतं. बाप गाडला गेला, म्हणून, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण बापाबद्दल तो कुणाशी बोलत नसे, बायकोशीसुद्धा नाही. लोक त्याला घाबरून नियम पाळायचे, त्यामुळे नियमाचं कारण सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. "ही आमची पद्धत आहे," तो म्हणाला आणि खणत राहिला.

पाच दिवस असेच गेले. लेक ड्यूटीवरून आली की चारीच्या काठावर उभी राहून पाणी द्यायची. पाचव्या दिवशी ती बाळाला घेऊन आली आणि म्हणाली, "धरा जरा, मी कपडे बदलून येते." मातीने भरलेल्या हातांत बाळ कसं धरायचं या विचाराने तो इतका गडबडला, की त्याने दोन्ही कोपरांच्या बेचक्यात ते पेललं. बाळाने त्याच्या मिश्या ओढल्या. त्या दिवशी तो जेवताना आपणहून हसला. चाळीस वर्षं टिकाव मारून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता, हात डोक्याच्या वर जाताना तोंड वेडंवाकडं व्हायचं. हे व्याह्यांनी बघितलं होतं. माणूस भला होता, आणि त्याला वाटलं, आपण काहीतरी करायला हवं.

सहाव्या दिवशी सकाळी घुशा पाइपांच्या जोडण्या आणायला बाजारात गेला. दुकान बंद होतं, ते उघडायची वाट बघत बसला, यायला दुपार झाली. व्याह्यांनी त्याची गाडी वळताच कारखान्यातले चार जुने गडी बोलावले होते. फोरमनच ते, हाताखाली माणसं असली की काम कसं धडाधड उरकतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. मिस्त्री परत येतात तोवर त्यांना खणायला एक फूट शिल्लक ठेवायचा नाही, अशी सगळ्यांनी पैज लावली होती.

घुशा फाटकातून आत आला आणि थांबला.

भिंतीची सगळी लांबी उघडी होती. त्याने भरून ठोकलेले तुकडेसुद्धा चारी सलग व्हावी म्हणून उकरले होते. तीस फूट दगड बुडापर्यंत नागडे उभे होते, वरून कालच्या पावसाचं पाणी मातीतून झिरपत होतं, आणि चारीच्या मधोमध, भेगेच्या बरोबर खाली, गळ्यापर्यंत खड्ड्यात व्याही उभे होते. फक्त डोकं दिसत होतं.

"बाहेर!" तो ओरडला. "सगळे बाहेर!"

गडी घाबरून उड्या मारून वर आले. व्याही हसले. "आले! बघा व्याही, खांद्याला आराम दिला की नाही?" असं म्हणत ते शिडीकडे वळले. त्यांनी शिडीवर पाय ठेवला, दोन पायऱ्या चढले आणि वर घ्यायला हात पुढे केला. घुशाने तो हात धरला. ओढून त्यांना वर घेतलं. चारीपासून लांब, फाटकाजवळच्या फरशीवर नेलं. व्याही तोपर्यंत हसतच होते आणि टाळीसाठी त्यांनी दुसरा हात वर केला होता.

त्या हसऱ्या तोंडावर घुशाने ठोसा मारला.

जबडा मोडला तो पहिल्याच ठोशात. दुसऱ्याने भुवई फुटली. व्याही पाठीवर पडले, तसा हा त्यांच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. डावा, उजवा, त्या दुखऱ्या खांद्याचाही. तोंडाने काहीतरी ओरडत होता, गड्यांना ते शब्द वाटले नाहीत. चौघांनी मिळून त्याला उचललं तेव्हा त्याच्या मुठीत व्याह्यांचा एक दात रुतला होता आणि फरशीवरचं रक्त फाटकाखालून रस्त्यावर गेलं होतं.

त्याने मान वर केली. तळघराच्या खिडकीत, जमिनीलगत, लेक उभी होती. कडेवर बाळ होतं आणि तिने बाळाचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं.

जावई वडलांना दवाखान्यात घेऊन गेला. लेक बाळासह मागोमाग गेली, बापाच्या बाजूने जाताना ती थांबली नाही. घुशा तळघरात धावला. काचेच्या तिन्ही पट्ट्या जशाच्या तशा होत्या, भिंत केसभरही हलली नव्हती.

त्यानंतर त्याने जे केलं ते चार गड्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे वर्षानुवर्षं लोकांना सांगितलं. त्याने कुणालाच खाली येऊ दिलं नाही. तो एकटा त्या सलग उघड्या चारीत उतरला, तशा चारीत तो आयुष्यात कधी उतरला नव्हता. फळ्या लावल्या, टेकू ठोकले आणि एक आड एक तुकडा भरायला लागला. टेकूवर हातोडा मारताना तो मध्येच थांबून भिंतीकडे बघायचा, आणि एका गड्याने ऐकलं, की तो "बापू, थांबा, बापू," असं काहीतरी पुटपुटत होता. अंधार पडायच्या आत भिंत परत मातीत आली.

पुढचे आठ दिवस त्याने काम पूर्ण केलं. जेवण स्वतःचं आणायचा, पाणी रस्त्याच्या नळाचं प्यायचा, झोपायचा गाडीत. पाइप टाकला, ढाळ दोनदा तपासला, छपराचं पाणी वेगळ्या नळीने लांब नेलं. शेवटच्या दिवशी धो धो पाऊस झाला. गटाराच्या तोंडाशी बसून त्याने पाहिलं, पाइपातून मनगटाएवढी धार पडत होती.

एव्हाना गावभर एकच गोष्ट झाली होती. मिस्त्रीने व्याह्यांना मरणाच्या दारातून ओढलं, संतापात दोन ठोसे जास्त बसले, एवढंच. खुद्द व्याह्यांनाही ते पटलं. जबडा तारांनी बांधलेला असताना त्यांनी पाटीवर लिहून मुलाच्या हाती पाठवलं, "जीव वाचवलात. आत या." ती पाटी बघून घुशाला रडू आलं. त्याने हात धुतले, शर्ट झटकला आणि दारात जाऊन उभा राहिला.

दार लेकीने उघडलं.

"भिंत पडली असती का, बाबा?"

"पडू शकली असती. पडलीच असती असं नाही सांगता येत."

"तुम्ही मारलंत तेव्हा ते कुठे होते?"

त्याने मान वळवून फाटकाजवळच्या फरशीकडे पाहिलं.

"मी खिडकीत होते. तुम्ही त्यांना बाहेर काढलंत. लांब नेलंत. ते वाचले होते, बाबा. मग मारलंत."

खोटं बोलायची ही संधी होती आणि सगळं गाव त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होतं. "हो," तो म्हणाला. "वाचले होते."

"मामासुद्धा वर आला होता तेव्हा."

"हो."

"सासऱ्यांनी तुम्हाला माफ केलंय. तो त्यांचा मोठेपणा. माझ्याच्याने होणार नाही." तिचा आवाज चढला नाही, हेच त्याला जास्त लागलं. "काम छान झालंय. भिंत सुकतेय. आईला पाठवत जा."

तिने दार लावलं.

ते पाटीवर लिहिणारे व्याही पुढे त्याला फोन करायचे, मोडक्या जबड्याने बोलायचे, हसायचेसुद्धा. बायको दर दोन महिन्यांनी जाऊन नातीला भेटून यायची आणि आल्यावर सगळं सांगायची, छाती आता वाजत नाही, दात आले, चालते. घुशाने त्यानंतर कुणाला मारलं नाही. त्याचा उपयोग आता कुणाला होता?

पाइपात दरवर्षी गाळ साचतो. पावसाच्या आधी तो काढला नाही तर पाणी परत भिंतीकडे वळतं. हे काम कुणीही करू शकतो, पण ते घुशाच करायचा. चार तास गाडी चालवून यायचा, फाटकाबाहेर रस्त्यालगत असलेल्या चेंबरचं झाकण काढायचा, पोटावर आडवा होऊन सळई फिरवायचा, गाळ उपसायचा आणि दारावर न जाता परत निघायचा. लेकीने त्याला अडवलं नाही आणि बोलावलंही नाही.

पाचव्या वर्षी तो असाच खांद्यापर्यंत हात घालून पडला होता, तेव्हा लेक मुलीला शाळेतून घेऊन आली. मुलगी थांबली. खाली वाकून तिने त्याच्या पांढऱ्या मिश्यांकडे बघितलं.

"आई, हे कोण?"

घुशाचा हात पाइपात थांबला. लेकीने फाटक उघडलं, मुलीला आत घेतलं.

"पाण्याचं काम बघतात ते," ती म्हणाली. "चल, डबा काढ दप्तरातून."

त्याने उरलेला गाळ काढला, झाकण बसवलं आणि ते डुगडुगत नाही ना, हे पाय देऊन पाहिलं.